महसुली आणि सावकारी शब्दांचा गोतावळा : सातारा-सांगली भागातील दप्तरांच्या निमित्ताने

मराठेशाहीच्या कागदपत्रांतील महसुली शब्दांविषयी आपल्याकडे आजवर जे लेखन झाले, त्यातील बहुतेक लेखनाचा पहिला प्रश्न एकच असतो : हा शब्द आला कोठून? 'वसूल' अरबी, 'सरंजाम' फारसी, 'कर' संस्कृत, 'चौथ' देशी, अशी मुद्रा शब्दावर उमटविली की त्याची चौकशी पुरी झाली असे मानण्याचा प्रघात पडला आहे. पदव्युत्तर प्रबंधांना जोडलेल्या शब्दसूचींत 'अ.', 'फा.', 'सं.', 'दे.' असा एक रकाना असतोच. आणि तो भरलेला पाहून परीक्षकही सहसा संतुष्ट होतात. या रीतीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मूळ भाषेचा प्रश्न निरर्थक आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु करवसुली आणि कर्जवसुली यांच्या शब्दांपुरते पाहिले तर तो सर्वांत कमी फलदायी प्रश्न आहे. हा शब्द कोण, कोणाकडे, काय मागताना उच्चारीत असे, हा प्रश्न आधी विचारला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते : सरकारी देण्याचे शब्द आणि सावकारी देण्याचे शब्द असे दोन स्वतंत्र संच आपल्या भाषेत नाहीतच. संच एकच आहे, आणि तो का एकच आहे याचे उत्तर व्युत्पत्तीत सापडत नाही.

उदाहरणे मुख्यतः सातारा आणि सांगली या भागाशी निगडित घेतली आहेत. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, खानापूर, शिराळा हा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा शब्दांच्या दृष्टीने ही एकच पेठ आहे. तिच्या एका टोकाला छत्रपतींची राजधानी, दुसऱ्या टोकाला कानडी सीमा, आणि मध्ये वासुदेवशास्त्री खरे यांनी ज्याच्या आधारे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला ते पटवर्धनी दप्तर. अशा ठिकाणी शब्दांची कुळकथा सरळ असणार नाही, हे उघड आहे.

मूळ भाषा शोधण्याच्या या दृष्टीची परंपरा जुनी आणि सन्माननीय आहे. शिवराज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांच्या 'राज्यव्यवहारकोशा'त यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा उपक्रम झाला. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग यांपासून जनपदवर्ग, पण्यवर्गापर्यंत दहा वर्गांत तो कोश विभागलेला आहे. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी शंभर वर्षांच्या अंतरातील पत्रे घेऊन त्यांतील शब्दांची मोजदाद केली. १६२८ च्या पत्रात २०२ फारसी आणि ३४ मराठी शब्द, तर १७२८ च्या पत्रात ८ फारसी आणि ११९ मराठी, हे त्यांचे आकडे आपल्या पाठ्यपुस्तकांतून इतके फिरले आहेत की ते आता स्वतःच एक ऐतिहासिक साधन होऊन बसले आहेत. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली 'फारसी-मराठी कोश' दिला. आणि फारसीचा हा मर्मज्ञ पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीचा पुरस्कर्ता झाला, ही आपल्या कोशवाङ्मयातील एक मनोरंजक घटना आहे. या सर्वांच्या कार्याशिवाय आपण आज एक पाऊलही टाकू शकलो नसतो.

तरीही राजवाड्यांच्या मोजणीतील एक दोष दाखविणे आवश्यक आहे, कारण तो दोष आपल्या शब्दसूचींनी जसाच्या तसा उचलला आहे. मोजणी शब्दांची झाली. कागदाच्या जातीची झाली नाही. एक राजकीय मजकुराचे पत्र आणि एका महालाचा जमाखर्च हे एकाच वर्षी, एकाच कारकुनाने लिहिलेले असले तरी त्यांची भाषा एक असत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोणत्याही कमाविशीचा ताळेबंद उघडून पाहावा. ऐन जमा, सिवाय जमा, वजा, खर्च, बाकी, फाजील, तसलमात, हवाला : मथळ्यांपैकी जवळजवळ प्रत्येक शब्द अरबी-फारसी घराण्यातला. खाली नावे मात्र रामजी आणि येसाजी यांची, पिके जोंधळा आणि हरभरा. पत्रांची भाषा मराठी होत गेली त्या शंभर वर्षांत हिशेबाची भाषा फारशी हललीच नाही. राज्यव्यवहारकोशाचे यशही असेच एका बाजूने पाहावे लागते. पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव झाला. पदे दरबारात होती, त्यांची नावे राजाच्या आज्ञेने बदलता आली. चावडीवर रोज उच्चारला जाणारा 'वसूल' आज्ञेने बदलला नाही, कारण तो ज्या दोघांमध्ये उच्चारला जाई त्यांपैकी कोणालाच बदलाची गरज नव्हती.

इंग्रजीच्या इतिहासात याला एक जवळचे उदाहरण आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर करासाठीचे जुने इंग्रजी शब्द, 'गेल्ड' आणि 'स्कॉट', मागे पडले आणि टॅक्स, रेंट, डेट हे फ्रेंचमार्गे आलेले शब्द रुजले. 'स्कॉट' आता फक्त 'स्कॉट-फ्री' या प्रयोगात उरला आहे, आणि तो वापरणाऱ्या इंग्रजालाही त्यात एक जुना कर दडला आहे हे ठाऊक नसते. यातील 'डेट' या शब्दाची हकीकत तर आपल्या कोशकारांनी अवश्य ध्यानी घ्यावी अशी आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'बी'शिवाय, जसा बोलला जाई तसाच, लिहीत. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत पंडितांना त्याचे लॅटिन मूळ 'डेबिटुम्' आठवले आणि त्यांनी त्यात 'बी' घातला. लिहिणाऱ्यांनी तो लिहिला. बोलणाऱ्यांनी आजतागायत उच्चारलेला नाही. आपला 'ऋण' शब्द असाच. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण येथे तो शोभतो, आभार मानतानाही शोभतो. परंतु सोसायटीतून काढतात ते कर्जच.

अंकवाचक शब्द मात्र दोन्हीकडे चिवटपणे टिकले, हेही नोंदविण्याजोगे आहे. इंग्रजीत चर्चला द्यावयाचा दहावा हिस्सा 'टाइद', म्हणजे शब्दशः दशमांश, फ्रेंच शब्दांच्या पुरातही देशीच राहिला. आपल्याकडे 'चौथ' राहिली. वाटा मोजून द्यावयाचा असला की देणारा तो आपल्या भाषेत मोजतो. मागणारा त्याला काय म्हणतो याला त्या क्षणी महत्त्व नसते.

आता चौथाईकडेच वळू; कारण तिच्या वाटणीत आपला विषय सर्वांत स्पष्ट दिसतो. १७१९ च्या सनदांनी शाहू छत्रपतींना दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाई आणि शेकडा दहाची सरदेशमुखी यांचा हक्क मिळाला. त्यांपैकी चौथाईची वाटणी अशी : तिचा चौथा हिस्सा राजाचा, त्याला 'बाबती' म्हणत. उरलेला तीन चतुर्थांश 'मोकासा'. या मोकाशातून एकंदर चौथाईच्या शेकडा सहाचा 'साहोत्रा' पंत सचिवांना आणि शेकडा तीनचा 'नाडगौडा' राजाच्या मर्जीतील व्यक्तींना; बाकी शेकडा सहासष्ट तो 'ऐन मोकासा', सरदारांचा. एका चौथाईच्या पोटात किती भाषा एकत्र नांदतात ते पाहावे. 'बाबती' आणि 'मोकासा' अरबी-फारसीकडून आलेले, 'साहोत्रा' निखळ मराठी अंकापासून, 'नाडगौडा' कानडी 'नाडू' आणि 'गौड' यांपासून. आणि साहोत्रा घेणारे पंत सचिव हे पद राज्याभिषेकाच्या संस्कृत नामावलीतले. 'अ., फा., सं., दे.' या रकान्याने हे चार तुकडे चार दिशांना पाठविले असते. वास्तविक ते एकाच थैलीतून निघालेले आहेत.

आणि 'साहोत्रा' या शब्दातील 'ओत्रा' हा भाग तर रकान्याच्या अगदीच बाहेर राहतो. शेकड्यामागे इतके, हा अर्थ दाखविणारा तोच भाग सावकाराच्या खतांत आढळतो : दरमहा शेकडा एक व्याज ते 'एकोत्रा', शेकडा दीड ते 'दिढोत्रा'. राजाच्या हक्काचा हिस्सा आणि सावकाराच्या व्याजाचा दर एकाच साच्यात पाडलेले आहेत. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु पुढील उदाहरणे पाहिली म्हणजे सोडून देणे कठीण होते.

पेशवाईतील मामलतीची व्यवस्था अभ्यासकांना परिचित आहे. मामलेदाराने वसूल हाती येण्यापूर्वीच सरकारात आगाऊ रक्कम भरावी, तिला 'रसद' म्हणत. ही रक्कम मामलेदार स्वतःच्या पेटीतून क्वचितच भरी. तो ती सावकाराकडून उचली, वर व्याज आणि 'मनोती' देई, आणि मग गावागावांतून सारा वसूल करून सावकाराचे देणे भागवी. सरकारला रोख पैसा नसे तेव्हा ते शिलेदाराला किंवा सावकाराला एखाद्या महालावर 'वरात' देई, म्हणजे अमुक महालाच्या वसुलातून अमुक रक्कम यास पावती करावी असा हुकूम. (लग्नाची वरात निराळी, ती वरयात्रेपासून आली, ही फारसी 'बरात'पासून. दोन्ही दारात येऊन उभ्या राहिल्या की यजमानाची धावपळ सारखीच होत असावी.) आता वरातदार सावकाराचा माणूस पाटलाच्या चावडीवर येऊन पैसे मागतो तेव्हा तो कर मागत आहे की कर्ज? सरकारच्या बाजूने ती कर्जफेड आहे, गावाच्या बाजूने तो सारा आहे, आणि सावकाराच्या बाजूने ती 'वसुली' आहे. तिन्ही बाजू ज्या शब्दाने बोलतात तो शब्द एकच असला तर त्यात नवल नाही. निराळे शब्द असते तरच ते नवल झाले असते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा 'कर्जपट्टी' हा शब्द होय. राज्याला झालेले कर्ज वारण्यासाठी वतनदार, जमीनदार आदींवर जी जादा पट्टी बसविली जाई तिचे हे नाव. घरपट्टी, म्हैसपट्टी या नावांत पट्टीच्या आधी तिचा विषय येतो : घरावरची, म्हशीवरची. 'कर्जपट्टी'त मात्र कर्ज हा कराचा विषय नाही. ते कराचे कारण आहे, आणि तेही दुसऱ्याचे कर्ज. समासाचा हा विग्रह आपल्या व्याकरणांत कोणत्या सदराखाली घालावा हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना घालीत असतो. उत्तरे नाना येतात. परंतु एकाच्या डोक्यावरचे कर्ज दुसऱ्याच्या अंगावर कर होऊन उतरते हे एका शब्दात सांगणारी अशी रचना कोणत्याही परिभाषा-समितीला सुचली नसती.

राज्यालाच कर्ज होते हे साताऱ्याच्या जवळचेच एक उदाहरण सांगते. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे छत्रपतींपासून सरदारांपर्यंत अनेकांचे गुरू होते, आणि त्यांपैकी अनेकांचे धनकोही होते. पहिल्या बाजीरावाने त्यांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाविषयी जी अजिजी आहे ती प्रसिद्धच आहे. सावकार आणि शिलेदार यांच्या पायांवर डोके घासून आपले कपाळ झिजले, अशा आशयाचे ज्याने लिहिले तो माणूस अर्ध्या हिंदुस्थानाकडे चौथाई मागत होता. उत्तरेकडे तोंड केले की तो मागणारा, धावडशीकडे तोंड केले की देणेकरी. 'तगादा' या शब्दाचा अर्थ त्याला दोन्ही बाजूंनी माहीत होता.

मागण्याच्या रीतीही एकच होत्या. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात तगाद्याचे वर्णन केले आहे ते खाजगी धनकोविषयी आहे. नुसत्या मागण्यापासून दारात माणूस बसविणे, देणेकऱ्यास जेवू न देणे, उन्हात बसविणे इथपर्यंत त्याच्या पायऱ्या चढत जातात. आणि देणेकरी बडा असला तर धनको स्वतःच त्याच्या दारात धरणे धरून बसतो. सरकारी थकबाकीदाराकडे जाणारा 'मोहसल' याहून निराळे काही करीत नसे. तो दारात बसे, त्याच्या जेवणाचा भार थकबाकीदारावर पडे, आणि त्याला धाडण्याचा खर्च 'मसाला' या नावाने पुन्हा थकबाकीदाराकडूनच घेतला जाई. पगार थकला म्हणजे फौज आपल्या सरदाराच्या दारात जे करी तेही धरणेच. आज धरणे सरकारी कचेरीसमोर धरतात आणि त्यामागील मूळ कर्जव्यवहाराची आठवण कोणाला नसते. दारात उपाशी बसणे तेवढे कायम आहे.

'मोहसल' या शब्दापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. अरबीतील ह-स-ल या एकाच धातूपासून आपल्याकडे चार शब्द आले : हासील म्हणजे जे हाती लागले ते, महसूल म्हणजे उत्पन्न, तहसील म्हणजे गोळा करणे, आणि मोहसल म्हणजे गोळा करणारा. व्युत्पत्तीच्या रकान्यात चौघांना एकच मुद्रा मिळते. परंतु मराठीत त्यांची नशिबे किती वेगळी! महसूल राज्याचा विभाग झाला, आणि परिभाषा-निर्मितीच्या सर्व लाटा त्याच्यावरून निघून गेल्या तरी तो जागचा हलला नाही. तहसिलीची कचेरी झाली, तिला तहसीलदार मिळाला. हासिलाचे काही ठिकाणी गणितात हातचे राहिले. मोहसल मात्र, जो प्रत्यक्ष दारात येऊन बसे, तो लुप्त झाला. शब्द लुप्त झाला याचा अर्थ ते काम थांबले असा नव्हे. त्या कामावर दुसरा शब्द नेमला गेला : 'बेलीफ'.

हा बेलीफ आपल्या विषयाला इंग्लंडशी अनपेक्षितपणे जोडून देतो. मध्ययुगीन इंग्लंडात फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाने दोन माणसे ओळखली जात : जमीनदाराच्या मुलखाची व्यवस्था पाहून त्याचे उत्पन्न गोळा करणारा कारभारी, आणि शेरीफच्या हाताखाली हुकूम बजावून माल जप्त करणारा शिपाई. एकाचा संबंध साऱ्याशी, दुसऱ्याचा देण्याशी, नाव एक. म्हणजे आपल्याकडे मोहसलाच्या बाबतीत जे दिसते तेच तिकडे बेलीफच्या बाबतीत दिसते. हा शब्द एकोणिसाव्या शतकात दिवाणी न्यायालयांबरोबर साताऱ्याकडे आला, आणि खेड्यातील माणसाने तो इतक्या सहजपणे स्वीकारला की त्याला प्रतिशब्द कोणी मागितला नाही. मला वाटते, त्याला तो माणूस ओळखीचा होता. नाव तेवढे नवे होते.

त्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दांमागील संघर्ष उघड्यावर आला. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात त्यांचे लोण कुकरुड येथे पोहोचले, जे आता सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. दंगेखोरांचा रोख माणसांहून अधिक कागदांवर होता. खते मागितली गेली, मिळाली ती जाळली गेली. इंग्लंडमध्ये १३८१ साली डोईपट्टीवरून जे बंड झाले त्यातही शेतकऱ्यांनी जहागिरींच्या न्यायालयांची दप्तरे जाळली होती. तिकडे निमित्त कराचे, इकडे कर्जाचे. जाळले गेले ते दोन्हीकडे लिहिलेले देणे. १८७९ चा दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यान्वये पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक व कैद करणे बंद झाले. याच सुमारास सरकार स्वतःही 'तगाई' देऊ लागले होते. ही तगाई जुनीच. मूळ अर्थ बळ देणे. परंतु सरकारने दिलेले हे कर्ज थकले म्हणजे ते जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तजवीज होती. कर्ज पुन्हा एकदा कायद्याच्या कलमात साऱ्याशी एकरूप झाले.

येथवर जे शब्द पाहिले ते सारे मागणाऱ्याचे आहेत. 'वसूल' याचा मूळ अर्थ येऊन पोहोचणे. पैसा ज्याच्याकडे येतो त्याच्याच तोंडी तो शोभतो. शेतकऱ्याच्या दारातून तो जात असतो. मग देणारा काय म्हणतो? आपल्या महसुली परिभाषेच्या कोशांत, १८५५ च्या विल्सनच्या प्रचंड कोशापासून अलीकडच्या शब्दसूचींपर्यंत, याचे उत्तर फार थोडे सापडते. कारण ते कोश बहुतांशी नामांचे आहेत, आणि देणाऱ्याची भाषा क्रियापदांची आहे. ती क्रियापदे देशी आणि घरगुती असल्यामुळे परिभाषा म्हणून कोणी गणलीच नाहीत. याबाबतीत मोल्सवर्थ अधिक उपयोगी पडतो, तो परिभाषेच्या कुंपणाशी थांबला नाही म्हणून.

ही क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. देणे 'थकते', म्हणजे माणसासारखे दमते. 'थकबाकी' या शब्दात मराठी थकवा आणि अरबी शेष यांचा संकर झालेला आहे. बाकी 'तुंबते', जसे पाणी तुंबते. कर्ज 'उचलतात', म्हणजे ते उचलतानाच ओझे असते. ऊस तोडायला जाणाऱ्या मजुराला हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम देतात तिला सातारा-सांगलीकडे 'उचल' असेच म्हणतात, आणि ती हंगामभर पाठीवर वाहावी लागते. पैसा 'बुडतो', पैसे 'बुडवितात'. आणि कर्ज 'फेडतात'. फेडणे म्हणजे सोडणे, अंगावरचे काढणे. वस्त्र फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात. इंग्रजीतील 'पे' हा शब्द लॅटिनमधील शांत करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. पैसे देऊन धनकोला शांत करावयाचे. इंग्रजी शब्द धनकोच्या चेहऱ्याकडे पाहतो, मराठी शब्द ऋणकोच्या अंगाकडे. कर्ज अंगावर होते, ते फेडले, अंग मोकळे झाले.

यांत सर्वांत अवघड क्रियापद 'चुकविणे' हे आहे. हिशेब चुकता केला म्हणजे पुरा दिला; सारा चुकविला म्हणजे टाळला. 'त्याने देणे चुकविले' या वाक्याचा अर्थ संदर्भावाचून सांगता येत नाही. कागदपत्रांचे वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याने येथे सावध असावे. 'चुकविले' पाहून लगेच करबुडवेपणाचा निष्कर्ष काढू नये, आणि लगेच प्रामाणिकपणाचाही काढू नये.

आता ज्या शब्दामुळे हा सगळा प्रपंच केला त्या 'कुळा'कडे येतो. हा शब्द संस्कृत 'कुल'. रकान्यात 'सं.' लिहिले की झाले. राज्यव्यवहारकोशाच्या दृष्टीने त्यात शुद्ध करण्याजोगे काही नाही, राजवाड्यांच्या मोजणीत तो मराठीच्या बाजूला पडणार. या निर्दोष शब्दाने मराठीत चार अर्थ धारण केले. कूळ म्हणजे घराणे. कूळ म्हणजे सरकारला सारा देणारा असामी. 'कुळवार' हिशेब तो याचाच, आणि कुलकर्णी त्या हिशेबाचा लेखक. कूळ म्हणजे सावकाराचा देणेकरी. 'माझी चाळीस कुळे आहेत' असे सावकार म्हणे. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. 'कूळ बुडाले' हे वाक्य वंश बुडाला या अर्थी म्हणता येते, देणेकऱ्याने दिवाळे काढले या अर्थीही म्हणता येते. आणि ज्याच्याविषयी ते म्हणतात त्याच्या घरी दोन्ही गोष्टी एकदम घडलेल्या असण्याचा संभव असतो.

येथे केवळ अर्थच्छटांचा प्रश्न नाही. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने, ज्याला सर्वजण कुळकायदा म्हणतात, या चार अर्थांपैकी शेवटचा अर्थ निवडून त्याला कायद्याचे बळ दिले, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने त्या अर्थाच्या कुळाला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग मोकळा केला. आपले विद्यार्थी या कायद्यानंतरच्या मराठीत वाढलेले आहेत. 'कूळ' म्हटले की त्यांच्यासमोर खंडाने जमीन कसणारा उभा राहतो. मग ते दीडदोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद वाचतात, त्यात 'गावची कुळे परागंदा झाली' असे आढळते, आणि प्रबंधात लिहितात की भाडेकरू शेतकरी गाव सोडून गेले. त्या कागदातील कुळे बहुधा मिरासदार असतात, स्वतःच्या जमिनीचा सारा भरणारी. मालक गाव सोडून गेला आणि भाडेकरू गाव सोडून गेला, या दोन वाक्यांत एका संबंध शतकाचा ग्रामीण इतिहास उलटा होतो. उलट बाजूने, सावकाराच्या वहीतील कुळांची यादी पाहून ती त्याच्या जमिनीवरील कसणारांची यादी समजणे ही चूकही मी एकाहून अधिक प्रबंधांत पाहिली आहे. त्या प्रबंधांच्या शेवटी शब्दसूची होती, तिच्यात 'कूळ' होते, त्याच्यापुढे 'सं.' अशी खूणही होती.

तेव्हा शब्दसूचीच्या रकान्यांची रचना बदलावी, अशी सूचना मी विभागापुढे ठेवू इच्छितो. मूळ भाषेचा रकाना राहू द्यावा, परंतु शेवटी. त्याआधी कागदाची जात लिहावी : पत्र, वरात, खत, ताळेबंद, महजर, फारखत. मग त्या कागदात शब्द कोणाच्या तोंडी आहे आणि कोणास उद्देशून आहे ते लिहावे. पटवर्धनी कागदांतील पंचवीस खते आणि त्याच महालांचे पंचवीस ताळेबंद एकत्र घेऊन असा प्रयोग एका सत्रात करता येईल. 'वसूल', 'बाकी', 'जामीन', 'हप्ता', 'जप्ती' आणि 'कूळ' हे सहाच शब्द घेतले तरी पुरेत. त्यांपैकी प्रत्येक शब्द खतात काय करतो आणि ताळेबंदात काय करतो, हे समोरासमोर मांडून पाहावे.